फवारणाऱ्याचे रक्त कोण तपासणार?

(मांजरसुंबा येथील कार्यकर्ता मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



या शिवारात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. दुकानदार औषध देतो, मजूर औषध मारतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर हे औषध मारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः हातमोजे आणि मास्क यांची. मजुराने काळजी घेतली नाही, हा निष्कर्ष अनेकांच्या सोयीचा होता. भाद्रपदातल्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत, पंपामागे मजुरी ठरलेल्या माणसाने अंगभर रबरी कपडे चढवावेत, असे सांगणाऱ्यांनी एकदा पाठीवर पंप घेऊन पाहावा.

मृत्यू निदान मोजले तरी जातात. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके मज्जातंतूंच्या कामाला आवश्यक असे कोलिनएस्टरेज हे विकर निकामी करतात. अळी त्यानेच मरते आणि माणसालाही त्यानेच अपाय होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी १९९९ पासून सॅलिनास खोऱ्यातील शेतमजूर कुटुंबांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष गंभीर आहे. गर्भारपणी ज्यांच्या लघवीत या विषाचे अंश सर्वाधिक आढळले, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक, सर्वात कमी अंश असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. या स्त्रिया बहुतांशी मेक्सिकोतून पोटासाठी आलेल्या. ऊसतोडीला टोळ्या पाठवणाऱ्या बीडला हे स्थलांतर समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे कायदा आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर बळी घेतले. त्या धड्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांत फवारणी करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची आणि कोलिनएस्टरेजच्या रक्तचाचणीचीही तरतूद आहे. परंतु रोजंदारी मजुराचा मालक आठवड्याला बदलतो. ही तपासणी करवून घेणार कोण? अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. कंपनीच्या ताळेबंदात तो दिसत नाही, हमीभावाच्या हिशेबातही दिसत नाही. तो मजुराच्या शरीराच्या खात्यावर पडतो.

परभणीला कृषी विद्यापीठ आहे, अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकाला पीक कळते, दुसऱ्याला रोग. दोघांनी मिळून निवडक गावांतील मजुरांचे रक्त पेरणीपूर्वी एकदा आणि फवारणीच्या ऐन हंगामात पुन्हा तपासावे. गरोदर स्त्रियांचाही अभ्यास करावा, आणि तो सलग दहा वर्षे चालावा. पैसा सरकारचाच हवा. विष विकणाऱ्यांच्या देणगीवर विषाचे संशोधन करण्यात अर्थ नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक गावात फवारणीला जाणाऱ्यांची वही घालावी: कोणते औषध, किती दिवस, किती पंप, नंतर चक्कर, उलटी, अंधारी आली काय. ग्रामसभेत ती वही वाचून रक्तचाचणीचा ठराव मांडावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी.