कर्करोगाच्या उपचारात रोग्याचे जेवण



अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाडीमागे काट्यावर २ किलो घट दिसली, तर आपण व्यापाऱ्याशी भांडायला उभे राहतो. पण कर्करोगाच्या उपचाराला गेलेला घरचा माणूस ६० किलोचा ५४ होऊन परततो, तेव्हा "दुखणंच तसं हाय, बुवा" म्हणून गप्प बसतो. खरे तर भांडायचे ते या घटीसाठी.

तंबाखू-खर्रा यांच्या पायी आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. कोणी नागपूर गाठतो, कोणी मुंबईचे टाटा रुग्णालय. तिथे दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतो. बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. किरणांचा उपचार सहा-सात आठवडे चालतो. दोन-तीन आठवड्यांत तोंड येते, चव जाते, घास गिळवत नाही. त्यात घरची बुढी सांगते, "त्याले दूध-अंडं देऊ नका, गाठ वाढते." हा समज खोटा आहे. रोग्याला उपाशी ठेवून गाठ उपाशी मरत नाही. शरीर आपलेच मांस जाळू लागते. शिवाय किरणे देताना चेहऱ्यावर घट्ट मुखवटा बसवतात. माणूस वाळला की तो सैल होतो, कधी सारे मोजमाप पुन्हा करावे लागते. उपचारात खंड पडला तर गुणही कमी येतो.

मग द्यावे काय? भाकर नि ठेचा काही दिवस बाजूला ठेवा. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून दुधात कालवा, वर चमचाभर तूप. मुगाचे घट्ट वरण, पूर्ण उकडून कुस्करलेले अंडे, दही. फार गरम नको. दर दोन तासांनी थोडे थोडे द्या. ५० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात जवळपास तेवढीच. चहा-बिस्किटावर कसे भागेल, सांगा! जेवणाआधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ व खायचा सोडा घालून गुळण्या कराव्यात. मधुमेह असेल, तर आहार डॉक्टरांना विचारून ठरवा.

गिळणे जमेनासे झाले की नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असे समजून पुष्कळजण नाही म्हणतात. अहो, तोंड बरे होऊन गिळता येऊ लागले की ती काढतात.

गुरुजी, शाळेत वजनकाटा असेल तर दर सोमवारी गावातल्या रोग्याला त्यावर उभे करा, आकडा वहीत लिहा. ६० किलोतले ३ किलो घटले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वही घेऊन घरच्यांना डॉक्टरांकडे धाडा.