शिकविणारे कलावंत

(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेतील एखादे गुरुजी नाटक बसवितात, पेटी वाजवितात किंवा कविता लिहितात, तेव्हा गावात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, "गुरुजी मोठे गुणी आहेत." दुसरा विचारतो, "मग शिकवितात केव्हा?" तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनातही हा दुसरा प्रश्न पुष्कळदा असतो. प्रश्न गैर नाही. मुलांचा वेळ हा मुलांचाच असतो. परंतु कलेची उपासना आणि अध्यापन ही एकमेकांची वैरी आहेत, असे जे त्यात गृहीत धरलेले असते, ते कितपत खरे आहे? याचा विचार करण्यासाठी मी आज आपणांस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटकडे घेऊन जाणार आहे. निर्मिती करणाऱ्या माणसांनी शिकवावे, हे जेथे आरंभापासून मान्य झाले, अशी ती संस्था आहे.

कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट तिचाच. कालांतराने कंपनी बंद पडली आणि त्याच जागेत भारत सरकारने १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उघडली. संस्थेच्या आरंभीच्या काळात तिचे प्राचार्यपद गजानन जागीरदार यांच्याकडे होते. प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री'मध्ये त्यांनीच रामशास्त्र्यांची भूमिका केली होती. ज्या वास्तूत स्वतः काम केले, त्याच वास्तूत नव्या पिढीला ते काम शिकविण्याचा योग त्यांना लाभला.

त्यांच्यानंतर जगत मुरारी आले आणि जवळजवळ दहा वर्षे त्यांनी संस्थेची धुरा वाहिली. मुरारी हे माहितीपटांचे दिग्दर्शक. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा उत्कृष्ट माहितीपटाचा पहिला मान त्यांच्या 'महाबलीपुरम्'ला मिळाला होता. अशा माणसाने वेळापत्रके आखावीत, यंत्रसामग्रीची मागणीपत्रे लिहावीत, विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी ऐकावीत, यात त्याच्या स्वतःच्या निर्मितीची हानी नव्हती काय? होती. ती नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षक झालेल्या कलावंताला काही किंमत मोजावीच लागते. मात्र त्या किमतीच्या मोबदल्यात काय जमा झाले, हेही पाहिले पाहिजे.

त्यासाठी अशा शिक्षकाच्या नावे दोन वह्या ठेवाव्या लागतील. एका वहीत त्याने स्वतः केलेल्या कृती मांडाव्यात. दुसरीत त्याच्या हाताखालून गेलेल्यांनी केलेल्या. एकच वही पाहून हिशेब केला, तर तो चुकतो.

ऋत्विक घटक यांचे उदाहरण घ्या. 'अजांत्रिक' (१९५८) आणि 'मेघे ढाका तारा' (१९६०) यांसारखे चित्रपट निर्माण केलेला हा बंगाली दिग्दर्शक साठोत्तर दशकाच्या मध्यास पुण्यास आला आणि संस्थेचा उपप्राचार्य झाला. येथे असताना त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 'फिअर' हा लघुपट केला. त्यांचा मुक्काम अल्पकाळच टिकला. नोकरीची चाकोरी त्यांना मानवली नाही. त्यांची पहिली वही पाहाल, तर या वर्षांपुढील पान जवळजवळ कोरे आहे. 'तिताश एकटि नदीर नाम' हा त्यांचा पुढचा मोठा चित्रपट १९७३ चा.

आता दुसरी वही उघडू या. मणि कौल यांनी १९६९ मध्ये 'उसकी रोटी' केला. कुमार शहानी यांनी १९७२ मध्ये 'माया दर्पण' केला. केरळचे जॉन अब्राहम यांनी पुढे मित्रमंडळींच्या 'ओडेसा' या समूहाच्या साह्याने गावोगावी चित्रपट दाखविले, लोकांकडून लहान लहान रकमांची वर्गणी गोळा केली आणि त्या पैशातून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' पूर्ण केला. हे तिघेही घटकांचे पुण्यातील विद्यार्थी. तिघांचे चित्रपट परस्परांसारखे नाहीत आणि गुरूच्या चित्रपटांची नक्कलही नाहीत. चांगल्या शिक्षकाची हीच खूण होय. तो आपला ठसा उमटवीत नाही, दृष्टी देतो.

भास्कर चंदावरकर यांच्या बाबतीत दोन्ही वह्या एकाच वेळी भरत गेल्या. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेले हे संगीतकार १९६५ पासून सुमारे पंधरा वर्षे संस्थेत संगीत शिकवीत होते. याच काळात त्यांनी कन्नड 'वंशवृक्ष' (१९७१), 'घाशीराम कोतवाल' हे नाटक (१९७२) आणि मराठी 'सामना' (१९७५) यांना संगीत दिले. तालीम चालू असताना जी अडचण सोडवावी लागते, तिचाच दुसऱ्या दिवशी वर्गात पाठ होऊ शकतो. आणि वर्गात विद्यार्थ्याने विचारलेली शंका संगीतकाराला पुन्हा विचार करावयास लावते. दोन्ही कामांचा पाझर एकाच विहिरीत असतो.

धारवाडशी निकटचा संबंध असलेले गिरीश कार्नाड १९७४ व १९७५ या काळात संस्थेचे संचालक होते. तेव्हा अभिनयाच्या विद्यार्थ्यांचा संप झाला आणि संपकऱ्यांच्या अग्रभागी नसीरुद्दीन शहा हे होते. संचालक व विद्यार्थी समोरासमोर उभे ठाकले. तरीही श्याम बेनेगल 'निशांत'साठी नट शोधू लागले, तेव्हा कार्नाडांनीच त्यांना नसीरुद्दीन यांचे नाव सुचविले. १९७५ च्या त्या चित्रपटात स्वतः कार्नाडही होते. आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचे गुण ओळखून त्याला वाट करून देणे, ही नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होत नाही. ती दुसऱ्या वहीतच होते.

आणखी एक प्रकार आहे. सतीश बहादूर हे आग्र्यात अध्यापन करीत आणि फिल्म सोसायटी चालवीत. १९६३ च्या सुमारास ते पुण्यास चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी चित्रपट काढले नाहीत. चित्रपट कसा पाहावा हे शिकविणे, हीच त्यांची निर्मिती. 'पथेर पांचाली'तील एकेक दृश्य उलगडून दाखविताना ते त्यातील बारकावे असे उभे करीत की, पाहणाऱ्यास आपण आजवर नुसते डोळे उघडे ठेवून बसलो होतो, असे वाटावे. त्यांचे सहकारी पी. के. नायर यांनी १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी देशभर हिंडून जुन्या फिती मिळविल्या. ते १९९१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा संग्रहात सुमारे बारा हजार चित्रपट होते. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहावयास मिळतात, त्यांमागे नायरांचे परिश्रम आहेत.

ग्रामस्थहो, या दोघांची एक गोष्ट मुद्दाम आपल्यासाठी सांगतो. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे खेडे आहे. तेथील के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम्' संस्थेने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून गावकऱ्यांसाठी चित्रपट-रसास्वादाचे वर्ग भरविले. हे दोघेही तेथे शिकविण्यास गेले. शेतकरी, शिक्षक, तरुण मुले जगातील उत्तम चित्रपट पाहून त्यांवर चर्चा करू लागली. चांगले ते खेड्याला कळत नाही, हा समज त्या वर्गांनी खोटा ठरविला. आपल्याकडेही गोव्यात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. मात्र चित्रपट जवळ आला म्हणून पाहण्याची दृष्टी आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते, आणि ते काम शिक्षकाचेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अधिकारी वर्गास माझी विनंती अशी की, कलावंत शिक्षकाकडे संशयाने पाहू नये. केंद्र शासनाच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम १५ पाहावा. कर्तव्यात बाधा येत नसेल, तर कर्मचाऱ्यास प्रासंगिक स्वरूपाचे साहित्यिक वा कलाविषयक काम पूर्वपरवानगीवाचून करण्याची मुभा त्यात दिलेली आहे. नियम करणाऱ्यांनी जेवढे औदार्य दाखविले, तेवढे अंमल करणाऱ्यांनीही दाखवावे.

शिक्षकांना सांगावेसे वाटते की, 'कर्तव्यात बाधा न येता' हे शब्द आपल्यासाठी आहेत. नाटकाची तालीम तासाच्या वेळेवर अतिक्रमण करू लागली, तर दुसऱ्या वहीतील पाने कोरी राहतील. पण भीतीपोटी पेटी माळ्यावर टाकू नका. ज्याचे स्वतःचे शिकणे थांबले, त्याचे शिकविणेही हळूहळू थांबते.

आणि ग्रामस्थांनो, आपल्या गुरुजींनी बसविलेले नाटक पाहावयास अवश्य जा. ते चांगले वठले नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. परंतु ते वठले की नाही, हे केवळ त्या रात्रीवर ठरवू नका. रंगमंचाच्या कोपऱ्यात कंदील धरून उभा असलेला एखादा मुलगा वीस वर्षांनी काय करील, ते आज कोणालाच दिसत नसते. शिक्षकाची दुसरी वही फार उशिरा भरते. ती भरेपर्यंत धीर धरणे, हे काम मात्र आपल्या सर्वांचे आहे.