बाप्तिस्म्यानंतरचीं बावीस वर्षें

आत्मपरीक्षण हा शब्द आतां इतका गुळगुळीत झाला आहे कीं तो कानीं पडतांच माणसाला स्वतःची नव्हे, शेजाऱ्याची आठवण होते. ख्रिस्ती मंडळींत ह्या शब्दाला एक ठरलेली जागा आहे. प्रभुभोजनाच्या वेळीं भाकर आणि प्याला हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली स्वतःची पारख करावी, असें पौलानें करिंथ येथील मंडळीला बजावलें. आणि अजूनहि त्या विधीच्या आधीं पापकबुलीची प्रार्थना म्हटली जाते. पण जें वारंवार म्हणावयाचें त्याची गत पाढ्यांसारखी होते. मूल ‘बे एके बे’ म्हणतें तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें दोन वस्तु नसतात. मोठ्या माणसाच्या ओठांवर पापकबुली असते तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें एक तरी पाप असतेंच असें नाहीं.

ह्याच्या जोडीला आणखी एक समजूत आहे. ज्यानें विचार करून, सगेसोयऱ्यांचा रोष पत्करून, आपला मार्ग निवडला, त्याची परीक्षा एकदां होऊन गेली. आतां निवडलेल्या वाटेनें चालणें तेवढें उरलें. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाच्या दोन थोर व्यक्तींचीं चरित्रें ह्या समजुतीच्या नेमकी उलट साक्ष देतात. एक पंडिता रमाबाई आणि दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आजच्या भाषणाचा भर टिळकांवर आहे. कारण त्यांच्या गोष्टीचा पहिला धागा गोंदियावरून जाणाऱ्या आगगाडीला बांधलेला आहे.

नागपुराहून राजनांदगांवकडे जाणारा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड करीत वैनगंगा ओलांडतो, तिरोड्यावरून गोंदियास येतो आणि पुढें सालेकसा, दरेकसा येथील डोंगरांतून डोंगरगडाकडे निघून जातो. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. १८९३ सालीं तें भंडारा जिल्ह्यांतील एक गांव होतें; जबलपूरकडे जाणारा फांटाहि अजून व्हावयाचा होता. त्या वर्षीं ह्या मार्गानें एक एकतीस वर्षांचा कवि नोकरीच्या शोधांत राजनांदगांवास निघाला होता. कोंकणांतला जन्म, संस्कृतचा चांगला व्यासंग, नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें चाललेलें ग्रंथांचें काम, ‘ऋषि’ नांवाच्या मासिकाचें संपादन, आणि ह्या सगळ्यांत कोठेंहि फार दिवस न टिकणारा पाय. लोकमान्यांशीं ह्या टिळकांची गल्लत होऊं नये एवढ्यासाठींच पूर्ण नांव घ्यावयाचें. तीं दोन्ही माणसें कोंकणचीं आणि दोन्ही हट्टी, इतकें साम्य मात्र मान्य करावें लागेल.

त्या काळीं गोरा उतारू बसला आहे अशा डब्यांत शिरणारा देशी माणूस अपमानाची तयारी ठेवूनच शिरत असे. टिळकांना तेथें अपमानाऐवजीं सौजन्य भेटलें. अर्नेस्ट वॉर्ड नांवाच्या त्या फ्री मेथॉडिस्ट मिशनऱ्यानें त्यांच्याशीं बरोबरीच्या नात्यानें संभाषण केलें. बोलणें धर्मावर येऊन ठेपलें, त्यानें नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं ठेवली, आणि मोकळ्या मनानें वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असें भाकीतहि केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरें ठरलें म्हणून अनेकांना ही गोष्ट सांगावीशी वाटते. परंतु त्यांत सांगण्यासारखें भाकितापेक्षां वेगळेंच आहे.

टिळक त्या दिवसांत धर्माचाच विचार करीत होते. पण तो देशासाठीं. हिंदुस्थानचा उद्धार कोणत्या धर्मानें होईल, त्याचीं तत्त्वें कोणतीं असावींत, ह्याची मांडणी त्यांच्या मनांत चालली होती. म्हणजे पाहणारे ते आणि तपासावयाचा तो देश. पुस्तक वाचतां वाचतां ते मत्तयाच्या पांचव्या अध्यायापाशीं, डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि तेथें गुंतून पडले. हें प्रवचन तीन अध्यायांचें आहे. सावकाश वाचलें तरी थोड्या वेळांत संपतें. त्यांत देशाच्या उद्धाराची योजना नाहीं. हातून खून घडला नाहीं म्हणून समाधान मानणाऱ्याला तें त्याच्या मनांतल्या रागाबद्दल विचारतें. दान केलेंस, पण तें कोणी पाहावें म्हणून? प्रार्थना केलीस, पण चव्हाट्यावर कां? डोळ्यांतल्या कुसळाची आणि मुसळाची गोष्ट मराठी घरांत लहान पोरालाहि ठाऊक असते. तिच्यासारखीच उपमा ह्या प्रवचनांत आली आहे. जो देशाचा रोग शोधावयास निघाला होता त्याचीच नाडी त्या पुस्तकानें धरली.

रागाचा प्रश्न तर टिळकांना फारच जवळचा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध झालीं. त्या ग्रंथांत टिळकांचा कोप, त्यांचा विसराळूपणा, घरांत दाणा नसतां दुसऱ्याला पैसे देऊन मोकळें होणें, हें सारें हंसत हंसत सांगितलें आहे. थोर माणसाचें इतकें निर्मळ आणि इतकें निर्भीड चित्र मराठींत दुसरें क्वचितच असेल.

ह्याच लक्ष्मीबाईंना १८९५ च्या निर्णयाची किंमत मोजावी लागली. पति बाटला म्हणून त्यांना पंढरपुरास नेण्यांत आलें. पदरीं लहान मुलगा, जग नांवें ठेवणारें, आणि मनांत पतीविषयींची ओढ व रोष दोन्ही. असा वियोग चारसाडेचार वर्षें चालला. टिळकांनीं आपला जीव तपासला खरा, पण त्या तपासाचा भार त्यांच्याइतकाच किंबहुना अधिक दुसऱ्या जीवानें वाहिला. आत्मपरीक्षणाचे गोडवे गातांना ही बाजू बहुधा गाळली जाते. ती गाळूं नये.

पुढें लक्ष्मीबाई परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे; नवऱ्याच्या घरीं राहूनहि आपलें सोवळें सांभाळण्याच्या निश्चयानें. वेगळी चूल, वेगळें पाणी. त्यांच्या वडिलांचें कमालीचें सोवळें ज्यांनीं ‘स्मृतिचित्रां’त वाचलें असेल त्यांना हा निश्चय किती खोल रुजलेला होता हें कळेल. त्यांच्यावर कोणीं प्रवचनांचा मारा केला नाहीं. एके दिवशीं एकट्याच विचार करीत बसल्या असतां त्यांनीं स्वतःलाच विचारलें कीं, ही जात देवानें केली कीं माणसानें? जन्म, मरण, भूक, तहान जर सर्वांना सारखींच दिलीं, तर हा भेद त्याचा कसा? उत्तर मिळालें तें त्यांनीं मनांत ठेवलें नाहीं. कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचें ठरविलें आणि तसें घेतलें. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. ही गोष्ट त्याच्या आधींची. शाळेचें तोंड न पाहिलेल्या ह्या बाईच्या परीक्षणांत कोठेंहि रडारड नाहीं. एक प्रश्न, एक उत्तर, आणि पाण्याचा एक पेला.

येथें रमाबाईंचें उदाहरण आठवतें. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्या विद्वान होत्या, वादांत कोणाला हार न जाणाऱ्या होत्या. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढलें, तें पुढल्याच वर्षीं पुण्यास नेलें, आणि विधवांच्या शिक्षणाचें काम हिंमतीनें चालविलें. कामांत कसूर नव्हती. तरी बाप्तिस्म्याला आठ वर्षें लोटल्यावर त्यांना उमगलें कीं आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, पण ख्रिस्त सांपडलेला नाहीं. १९०७ सालीं त्यांनीं आपली ही साक्ष छापून प्रसिद्ध केली. जिच्यावर एका बाजूनें सनातनी आणि दुसऱ्या बाजूनें स्वतःचेच धर्मगुरु टीका करीत होते, तिनें असा कबुलीजबाब स्वतःहून द्यावा हें लहान धैर्य नव्हे. १९०५ सालीं केडगांवच्या त्यांच्या मुक्ति मिशनांत शेंकडों मुलींमध्यें पश्चात्तापाची आणि प्रार्थनेची मोठी लाट उसळली, तिचा गाजावाजा परदेशांतहि झाला. लाटा येतात आणि ओसरतात. रमाबाईंचा आठ वर्षांनंतरचा तो एकांतांतला हिशेब अधिक मोलाचा वाटतो.

अशा फेरतपासणीची सोय चर्चच्या पूर्वसूरींनीं जाणून केलेली आहे. सोळाव्या शतकांत इग्नेशियस लोयोला यांनीं आपल्या अनुयायांना रोजच्या रोज दिवसाचा आढावा घ्यावयास शिकविलें. गाडीतले वॉर्डसाहेब ज्या परंपरेंतले होते तिचा मूळ पुरुष जॉन वेस्ली. त्यानें १७५५ सालीं लंडनांत, देवाशीं केलेला करार पुन्हा नवा करण्याची उपासना सुरू केली, आणि मेथॉडिस्ट लोक बहुधा नववर्षाच्या आरंभीं ती अजून करतात. आपले व्यापारी दिवाळींत नवी वही घालतात तसेंच हें. फरक इतकाच कीं, व्यापारी जुनी येणीं बिनचूक नव्या वहींत उतरवून घेतो. येथें उतरवावयाचीं असतात तीं देणीं.

आतां पुन्हा टिळकांकडे. १८९५ नंतर ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत रमले. धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकविलें, १९०४ सालीं पाळक म्हणून त्यांची दीक्षा झाली, पुढें ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. परक्या चालींवर बसविलेल्या ओबडधोबड गीतांच्या जागीं त्यांनीं अभंग आणि भजनें दिलीं, देवळांत कीर्तन आणलें. मराठी ख्रिस्ती उपासनेच्या गीतसंग्रहांत त्यांचीं शंभराहून अधिक पदें आहेत. बालकवि ठोंबरे यांच्यासारखा पोरसवदा कवि त्यांच्या घरीं राहून वाढला. फुलामुलांचे कवि म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखूं लागला. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें आणखी काय मिळवावयाचें असतें?

आणि नेमक्या ह्या ठिकाणीं त्यांनीं आपली वही पुन्हा उघडली. १९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं मिशनचा राजीनामा दिला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नांवानें एक बंधुसंघ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेहि ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यांत एकत्र बसावेत अशी कल्पना होती. टिळकांना पैशाचा मोह कधींच नव्हता, म्हणून हा त्याग पैशाचा समजूं नये. तो आधाराचा त्याग होता. परक्यांच्या छत्राखालीं उभे राहून आपण जो ख्रिस्त आपल्या माणसांना दाखवितों, तो त्यांना आपला कसा वाटावा? तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें टिळक सांगत. मग तोच पूल दुसऱ्यांसाठीं मोकळा नको का? चोवीस वर्षांपूर्वीं गाडींत भेटलेल्या पुस्तकानें त्यांना विचारलें होतें कीं, तूं कसा आहेस. आतां प्रश्न थोडा निराळा होता: तूं कशावर टेकून उभा आहेस?

तुकोबांचें नांव येथें उगाच आलेलें नाहीं. स्वतःच्या मनाला इतक्या कठोरपणें कोर्टांत उभें करणारा दुसरा कवि मराठींत नाहीं, आणि त्या अभंगांवर वाढलेल्या माणसाला आत्मपरीक्षण परक्या धर्मानें शिकवावें लागलें नाहीं. मात्र तुकोबांच्या वाणीची नुसती नक्कल करून स्वतःला पतित, पामर म्हणवून घेण्याची एक आवड आपल्याकडे आहे. ती हिंदूंत आहे, ख्रिस्ती लोकांतहि आहे. ‘मी पापी’ असें मोघम म्हणण्यांत एक प्रकारची ऐट असते. त्यानें कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. टिळकांची कबुली मोघम नव्हती. तिला तारीख होती, आणि ती राजीनाम्याच्या कागदावर उतरली.

ह्याचा परिणाम काय झाला, असें हिशेबी माणूस विचारील. दरबार फुलूं लागण्यापूर्वींच टिळकांची प्रकृति ढासळली. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते वारले, आणि त्यांच्यामागें दरबार टिकला नाहीं. बाप्तिस्म्यावांचून शिष्यत्व मानावें कीं नाहीं, हा प्रश्न मंडळींना अवघड वाटला, तो आजहि सुटलेला नाहीं. त्या प्रश्नांत टिळकांचेंच म्हणणें बरोबर होतें असें छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं. विधीला फांटा देतां देतां संघाची घडीच विसकटते हा अनुभव दुर्मिळ नाहीं. पण त्यांच्या त्या दोन वर्षांची ऊब दुसरीकडे पोंचली. जॅक विन्स्लो नांवाच्या तरुण इंग्रज पाळकानें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, त्यांत हिंदी आणि युरोपीय माणसें आश्रमाच्या रीतीनें एकत्र राहूं लागलीं. आणि पुढल्या वर्षीं त्यानेंच टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहिलें.

टिळकांच्या हातून ‘ख्रिस्तायन’ हें काव्य अपुरें राहिलें होतें. तें पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. लग्नानंतर, मोठेपणीं, अक्षरओळख झालेल्या ह्या बाईनें नवऱ्यानें लिहिले त्याच्या कितीतरी पट अध्याय रचले. १९३६ सालीं त्या वारल्या, आणि दोन वर्षांनीं, १९३८ सालीं, तें काव्य छापून बाहेर आलें.