हा खड्डा नक्की कुणाचा?

आज एका खड्ड्याची गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या रस्त्याला मोठा खड्डा पडला. शेजारच्या काकांची गाडी त्यात गेली, हात मोडला. मी ग्रामपंचायतीत गेलो. "रस्ता आपल्याकडे नाही, जिल्हा परिषदेत विचारा." तिथे म्हणाले, "बांधकाम विभागाचा असेल." तिथे म्हणाले, "आमच्या यादीत नाही."

म्हणजे रस्ता आहे, खड्डा आहे, मालकच नाही!

पण मालक असतो. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे केंद्र. हिरवं असेल तर राज्य महामार्ग. केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजना.

ही वाटणी राज्यघटनेतली आहे. सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे दिलेत, बाकीचे रस्ते राज्याकडे. मग १९९२ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती झाली. पंचायतींसाठी २९ विषयांची यादी आली, नगरपालिकांसाठी १८ विषयांची. रस्ते दोन्हीकडे आहेत. पण गंमत अशी, की त्यातलं किती काम खरंच खाली सोपवायचं, हे राज्याने ठरवायचं. यादीत नाव आहे म्हणून हातात पैसा असेलच असं नाही.

आमच्या दगडाचं डोकं केशरी निघालं. या योजनेत आपल्यासारख्या राज्यात बांधकामाचे ६० टक्के पैसे केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराने करायची आणि तिचा खर्च राज्याने द्यायचा. पाटीवर नाव दिल्लीचं, पण खड्ड्याचा जाब राज्याला विचारायचा!

मग मी दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: देखभालीची मुदत कधी संपते? या कायद्याचं कलम ६(३) लक्षात ठेवा. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल, तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवायचं काम त्यांचं. हेलपाटे कागदाने घालायचे, आपण नाही.

उत्तर आलं: मुदत अजून सात महिने बाकी. ते उत्तर जोडून तक्रार केली, तेव्हा कुठे खड्डा बुजला. काकांचा हात मात्र अजून नीट वळत नाही. पहिल्याच दिवशी कुणी "थांब, बघून सांगतो" म्हणालं असतं, तर?

तुमच्या रस्त्यावरच्या दगडाचा रंग कोणता? आज जाता-येता बघा आणि कळवा. भेटू पुढच्या भागात!