वादकाचे कान

(शिगमोत्सवाच्या तालमींपूर्वी मेळांचे प्रमुख, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले भाषण)



फाल्गुन जवळ आला की गोव्यातील गावोगावच्या मांडांवर ढोल-ताशे निघतात, कांसाळी घासूनपुसून लखलखीत होतात आणि रोमटामेळाच्या तालमींना रंग चढतो. आवाजाविषयी सरकारी अधिकारी बोलू लागला की तो निर्बंधच सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ध्वनिप्रदूषणाबाबतचे २००० सालचे केंद्रीय नियम आपणांस ठाऊकच आहेत. ते शेजाऱ्याच्या झोपेची व रुग्णाच्या विश्रांतीची काळजी वाहतात. परंतु जो वादक त्या आवाजाच्या ऐन मध्यभागी उभा असतो, त्याच्या कानांचा विचार त्यांत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते त्याच्याविषयी.

अंतर्कर्णात शंखासारखी वळलेली एक नलिका असते. तीत केसासारखी सूक्ष्म टोके असलेल्या सुमारे १५,००० पेशी आवाज टिपतात. अति आवाजाने त्या मरतात, आणि एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. तज्ज्ञांचा हिशेब असा : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत सोसावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. ८८ ला चार तास, १०० ला केवळ पंधरा मिनिटे. ताशाच्या वा कांसाळ्यांच्या लगत १०० डेसिबल सहज होतात, आणि आपली तालीम चालते दोन-दोन तास!

तालमीनंतर कानांत गुणगुण होते, दडे बसतात, सकाळी मोकळे वाटते. म्हणून कोणी मनावर घेत नाही. वास्तविक ती पहिली सूचना असते. प्रथम जातात ते उंच स्वर. मग बोलण्यातील स, श, त, फ ही अक्षरे निसटतात. माणसाला ऐकू येते, पण उमगत नाही. घरची मंडळी पुटपुटतात अशी तो तक्रार करतो. कलेच्या दृष्टीने याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. कमी ऐकणारा वादक अधिक जोराने वाजवितो आणि शिष्यांनाही तसेच शिकवितो. २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेल्या आपल्या घुमटाचे सारे सौंदर्य बोटांच्या हलक्या-भारी आघातांत आहे. शेजारी शामेळ व कांसाळे यांच्या कल्लोळात बसणाऱ्या घुमटवादकाचे कान गेले, तर तो भेद राखणार कोण?

उपाय खर्चाचे नाहीत. तालीम बंद सभागृहात न घेता उघड्या मांडावर घ्यावी, कारण भिंतींवरून परतणारा आवाज कानांवर दुसऱ्यांदा आदळतो. नवे ठेके बसविताना पूर्ण जोराची गरज नसते. ताशावर जाड कापड घालून ते उत्तम बसतात. वादकांच्या दोन फळ्या करून आळीपाळीने वाजवावे, आणि विसावा घेणाऱ्यांनी दूर जाऊन बसावे. (प्रत्यक्षात ती मंडळी ढोलासमोरच उभी राहतात!)

कानांत कापूस घालून फारसा लाभ होत नाही. औषधांच्या दुकानांत मऊ फेसाचे बोळे मिळतात. स्वच्छ हातांनी बोळा बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. ‘मग ताल ऐकू येत नाही’ हा आक्षेप अगदीच चूक नव्हे. फेसाचा बोळा उंच स्वर अधिक दाबतो. वादकांसाठी निराळे बोळे निघाले आहेत. ते सर्व स्वर जवळजवळ सारखेच उतरवितात. ते महाग पडतात खरे, पण ढोल मढविण्यास वर्गणी निघते, तशी यासाठीही निघावी.

शिक्षकांस एक विनंती. मेळात नाचणारी लहान मुले ताशांच्या पुढ्यात उभी करू नयेत. ज्या वादकाच्या कानांतील गुणगुण दोन दिवसांतही थांबली नाही, त्याने बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी. मेळप्रमुखांनी त्या दिवशी त्याला तालमीतून मोकळे करावे.