दहावीनंतरची पाच वर्षं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "मुळशीच्या मुलांसाठी काही करून गेलेल्या एखाद्या माणसाची आठवण सांग." मी निवडलेलं नाव ऐकून काहींना नवल वाटेल. त्या बाई आपल्या तालुक्यातल्या नव्हत्या, देशातल्याही नव्हत्या. त्यांचं नाव ख्रिस्टेल डेहान.

त्यांचा जन्म १९४२ चा, ऐन महायुद्धातला, जर्मनीतल्या एका गावात. पुढे त्या अमेरिकेत इंडियानापोलिसला स्थायिक झाल्या. १९७४ साली त्यांनी पतीबरोबर आरसीआय ही कंपनी सुरू केली. धंदा साधा, पण डोकेबाज. समजा, एखाद्याची महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये वर्षातून एका आठवड्यापुरती खोली आहे. त्याने तो आठवडा दुसऱ्याला द्यायचा आणि त्याबदल्यात गोव्यात राहायचं. अशी अदलाबदल जगभर जुळवून देणं हे त्यांचं काम. त्यापायी त्या देशोदेशी फिरल्या. पतीपासून वेगळ्या झाल्यावर कंपनी त्यांनी एकटीने वाढवली आणि १९९६ साली ८२.५ कोटी डॉलरना विकली.

त्यानंतर स्वस्थ बसून खाता आलं असतं. पण मेक्सिकोतल्या एका अनाथाश्रमातली मुलं पाहून त्या अस्वस्थ झाल्या. नुसती देणगी देऊन भागणार नाही, हे व्यापारी डोक्याला लगेच कळलं. १९९८ साली त्यांनी 'ख्रिस्टेल हाऊस' ही संस्था काढली. आपण दहावीचा निकाल हातात घेऊन एसटीची वाट बघत होतो, तेच हे वर्ष. मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, बंगळूर, इंडियानापोलिस इथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. त्यातलीच एक आपल्या मुळशीत, लवासाला.

लवासा म्हटलं की इथल्या काहींच्या कपाळाला आठी पडते, आणि ते बरोबरच आहे. आधी टाटांचं धरण, १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट; शंभर वर्षांत आपल्या तालुक्याने जमिनीचं दुःख पुष्कळ पाहिलं. ज्याची जमीन गेली त्याला शाळा दाखवून गप्प करता येत नाही. पण त्याच डोंगरातल्या वाड्यांवरची मुलं त्या शाळेत जाऊ लागली, हेही खरं. नावावरून काहींना ती मिशनची शाळा वाटली. ते नाव बाईंचं स्वतःचं होतं. प्रवेशासाठी धर्म पाहिला जात नव्हता, गरज पाहिली जात होती. पुस्तकं, गणवेश, जेवण, औषधपाणी, जायला-यायला गाडी, सगळं मोफत.

मला त्यांच्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, संस्थेचा कार्यालयीन खर्च त्या स्वतः सोसत. त्यामुळे लोकांनी दिलेली देणगी पुरती मुलांपर्यंत पोचे. दुसरी त्याहून मोठी. शाळा संपली म्हणून मुलाचा हात सोडायचा नाही. पुढची पाच वर्षं कॉलेज, कोर्स, नोकरी यांत त्याच्या पाठीशी कोणीतरी राहायचं.

इथे मला आपला शेवटचा बाक आठवतो. आपल्यातल्या एका मित्राच्या परवानगीने सांगतो. तो आज समोर बसला आहे. गणितात तो माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. सरांनाही त्याची उदाहरणं दाखवायला आवडायचं. मी आयटीआय केलं आणि आज पिरंगुटच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, कारण माझ्या मामाने पुण्याहून फॉर्म आणून भरून घेतला. त्याला मामा नव्हता. फॉर्मची शेवटची तारीख निघून गेल्यावर तो मला भातलावणीच्या चिखलात भेटला आणि म्हणाला, "अरे, मला कोणी सांगितलंच नाही." मीसुद्धा सांगितलं नव्हतं. पंचवीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

ख्रिस्टेलबाई जून २०२० मध्ये गेल्या. त्यांच्याएवढे डॉलर आपल्याकडे नाहीत. पण 'कोणीतरी सांगायला हवं', एवढं तर आपल्याला जमेल! म्हणून एक सूचना मांडतो. आजचा मांडव, जेवण आणि ही स्मरणिका यांचा खर्च आपण वेगळा वाटून घेऊ. शाळेसाठी जमलेल्या निधीतला रुपयाही त्यात जाऊ देऊ नये. आणि आपल्यातल्या प्रत्येकाने यंदाच्या दहावीतलं एक मूल निवडावं. पाच वर्षं त्याचा फोन उचलावा. फॉर्म कधी निघतो, दाखला कुठे मिळतो, वसतिगृहात कोणाला भेटायचं, एवढंच सांगावं.

पहिलं नाव मी लिहिलं आहे, आपल्या त्या मित्राच्या मुलीचं. ती यंदा दहावीला आहे आणि तिचं गणित बापासारखंच पक्कं आहे.

वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला बसण्याआधी तिथे जाऊन या.