शेवटचा रकाना



एका छोट्या मराठी मासिकाच्या कचेरीत वर्गणीदारांची जुनी वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची. एकेका ओळीत वर्गणीदाराचं नाव, पत्ता, वर्गणी कधी आली, किती आली आणि कोणत्या अंकाबरोबर संपते, याची नोंद. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात व्यवस्थापकांच्या बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं आहे! 'मुलाकडे नाशिकला गेले, अंक तिकडे.' 'पेन्शन उशिरा, दोन महिने थांबावे.' 'निवर्तले. अंक पत्नीच्या नावे.'

मी संकेतस्थळं तयार करून देणारा माणूस. २०२२ साली या मासिकाच्या संपादकांनी मला बोलावलं. म्हणाले, "मनीऑर्डरीचे दिवस गेले. चेकही क्वचित येतो. आपल्या संकेतस्थळावरच वर्गणी भरता आली पाहिजे. आणि दर वर्षी आठवण करायला नको, आपोआप नूतनीकरण व्हावं." मी म्हटलं, "आठवड्याचं काम आहे." त्या आठवड्याचीच गोष्ट आज सांगतो. तो आठवडा फार लांबला.

पूर्वी संकेतस्थळाचं एकेक पान हाताने लिहावं लागे. आता तयार व्यवस्था मिळतात, त्यांना कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. आपण मजकूर लिहायचा, चित्र लावायचं, मांडणी ती व्यवस्था करते. २००३ साली निघालेली वर्डप्रेस ही त्यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी. ती मोफत मिळते आणि तिला हवे ते भाग जोडता येतात. या भागांना प्लगइन म्हणतात. दुकान मांडायचं असेल तर वूकॉमर्स, ठरावीक मुदतीनं पैसे घ्यायचे असतील तर त्यावर आणखी एक प्लगइन.

वर्डप्रेसमध्ये 'सबस्क्रायबर' हा शब्द व्यवस्थापकांनी पडद्यावर वाचला आणि ते खूश झाले. "ही सोय आहेच की!" पण या सबस्क्रायबरचा वर्गणीशी काही संबंध नसतो. तो नुसता खातं उघडलेला माणूस. आत यावं, स्वतःची माहिती बदलावी, एवढाच त्याचा अधिकार. त्यानं पैसे भरले का, मुदत कधी संपते, हे सगळं आपल्याला वेगळं बांधावं लागतं.

मग पैशांचा प्रवास. वर्गणीदार कार्डाचा क्रमांक देतो, तो आमच्याकडे राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानदारांना तो साठवून ठेवता येत नाही. मधे पेमेंट गेटवे नावाचा मध्यस्थ असतो. वर्गणीदार पहिल्यांदा ओटीपी देऊन पैसे भरतो आणि त्याच वेळी 'दर वर्षी एवढी रक्कम घ्या' अशी परवानगी बँकेला देतो. पुढच्या वर्षी गेटवे त्या परवानगीवर पैसे मागतो आणि मिळाले की आमच्या संकेतस्थळाला निरोप धाडतो : अमुक वर्गणीदाराचे पैसे आले. तो निरोप वाचून आमची व्यवस्था मुदत एक वर्षानं वाढवते.

आता गंमत बघा. निरोप्याला आमच्याकडून 'पोचलं' असं उत्तर वेळेत मिळालं नाही, तर तो तोच निरोप पुन्हा आणतो. एका वर्गणीदाराचे पैसे एकदाच आले, मुदत मात्र दोन वर्षांनी वाढली. ते सज्जन स्वतःच फोन करून म्हणाले, "अहो, मला एक वर्ष फुकट कसं?" तेव्हापासून प्रत्येक निरोपाचा क्रमांक आम्ही टिपून ठेवतो. तोच क्रमांक पुन्हा आला की 'पोचलं' म्हणायचं आणि बाकी काही करायचं नाही.

दुसरा घोटाळा घड्याळाचा. 'तुमची वर्गणी संपत आली आहे' हे पत्र सात दिवस आधी, पहाटे जावं असं मी ठरवून दिलं होतं. पत्रं कधी दुपारी जात, कधी दुसऱ्या दिवशी. कारण वर्डप्रेसची ठरवलेली कामं कुणी संकेतस्थळावर आलं तरच सुरू होतात. दार वाजलं तरच घड्याळाकडे बघणाऱ्या रखवालदारासारखं. मोठ्या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर क्षणाक्षणाला कुणी येतं, त्यांना हे जाणवत नाही. आमच्याकडे पहाटे कोण येणार? शेवटी सर्व्हरच्या घड्याळावरून दर पाच मिनिटांनी हाक द्यायची सोय केली.

या झाल्या तांत्रिक चुका. त्या सापडतात आणि दुरुस्त होतात. माझी खरी चूक सापडायला दीड वर्ष लागलं.

एके दिवशी संपादकांनी मला फोन दिला. बंगळुरूहून एक बाई बोलत होत्या. त्यांचे वडील निवृत्त शिक्षक, मासिकाचे जुने वाचक. वडिलांच्या वाढदिवसाला या मुलीनं स्वतःच्या कार्डावरून वर्गणी भरली होती, दर वर्षीच्या परवानगीसह. पाच महिन्यांपूर्वी वडील गेले. आणि आता वडिलांच्या नावानं आमचं पत्र आलं होतं. पत्र मीच लिहिलेलं. 'आपलं आणि आमचं नातं आणखी एक वर्ष पुढे जात आहे, याचा आनंद वाटतो.'

ते वाचून त्यांनी वर्गणी थांबवायची सोय शोधली. ती नव्हती. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वर्गणी थांबवायची असल्यास कार्यालयाला कळवावे.' त्यांनी ईमेल केली. आमच्या कचेरीत ईमेल बघणारे गृहस्थ मंगळवारी येतात. सोमवारी सहाशे रुपये कापले गेले.

बाई रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सहाशे रुपयांचं काही नाही हो. पण आईनं ते पत्र वाचलं."

मला काही बोलता आलं नाही. कारण प्लगइनमध्ये 'वर्गणी थांबवा' हे बटण मुळातच होतं. ते मी काढून टाकलं होतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. बटण दिसलं की लोक सोडून जातील, असा माझा हिशेब होता.

त्या संध्याकाळी मी ती जुनी वही पुन्हा काढून बसलो. पूर्वी वर्गणीदार काही बोलला नाही, तर वर्गणी संपायची. अंकाच्या वेष्टनावर आठवणीची चिठ्ठी लागायची, पैसे नाही आले तरी व्यवस्थापक एक-दोन अंक पाठवायचे आणि मग ओळीवर रेघ मारायचे. आता वर्गणीदार काही बोलला नाही, तर वर्गणी चालू राहते. मौनाचा अर्थच उलटा झाला आहे. जो गप्प आहे तो संतुष्ट आहे, असं यंत्र धरून चालतं. तो आजारी असेल, विसरला असेल, या जगातच नसेल. यंत्राकडे तारीख आहे, रक्कम आहे. शेऱ्याचा रकाना नाही.

हा प्रश्न फक्त आमचा नाही, हे नियम करणाऱ्यांनीही ओळखलं आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१९ साली कार्डावरच्या अशा वसुलीसाठी नियम आणले आणि ऑक्टोबर २०२१पासून ते सक्तीनं लागू झाले. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास बँकेनं ग्राहकाला कळवायचं आणि त्या सूचनेतच नकार द्यायची सोय ठेवायची. त्या बाईंनाही बँकेची सूचना आली होती. पण आपण ईमेल केली आहे, मासिकवाले थांबवतील, असा त्यांनी विश्वास ठेवला. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला चकवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी जाहीर केली. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे, म्हणजे वर्गणीचा सापळा. बाहेर पडायची वाट लपवणं किंवा अवघड करणं. ती व्याख्या वाचताना मला माझं तळाचं बारीक अक्षर आठवलं.

बाईंचे पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले, पत्र लिहून माफी मागितली. मग संकेतस्थळ बदललं. 'वर्गणी थांबवा' हे बटण आता खात्याच्या पहिल्याच पानावर, ठळक आहे. आठवणीच्या पत्रातही ते आहे आणि पासवर्ड न आठवताही चालतं. पत्राची भाषा साधी केली : अमुक तारखेला एवढे रुपये घेतले जातील, नको असल्यास इथे दाबा. पैसे आले नाहीत तरी व्यवस्थापकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे दोन अंक जातात. आणि प्रत्येक वर्गणीदाराच्या नोंदीला मी एक रिकामा रकाना जोडला. त्याचं नाव 'शेरा'.

पहिल्या महिन्यात नऊ जणांनी बटण दाबलं. मी धास्तावलो. संपादक म्हणाले, "वहीत बघा, दर वर्षी एवढ्या ओळींवर रेघ पडतच होती. फक्त आपल्याला ती दिसत होती."

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांनी अशा परवानग्या दिलेल्या असतील. गाण्यांसाठी, सिनेमांसाठी, एखाद्या अंकासाठी. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा विभाग असतो. तिथे आपण कुणाकुणाला परवानगी दिली आहे ते दिसतं आणि ती थांबवता किंवा रद्द करता येते. कार्डावरच्या परवानग्यांसाठी बँकेकडे विचारणा करावी. एखाद्या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ही यादी जरूर वाचा.

आणि माझ्यासारखं काम करणाऱ्या तरुण मित्रांना एवढंच सांगेन. पैसे घेण्याचं बटण जोडायला मला एक दुपार लागली. ते चाललं की काम संपलं, असं समजू नका. त्याच दुपारी थांबवण्याचं बटणही जोडा आणि ते आधी स्वतः दाबून बघा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)